लिंबाच्या पाण्यातली नथ

अनुप,

कच्च्या चिंचा खाल्ल्यावर दात कसे आंबतात, ते जरा मनात आण. आंबटानं मोत्याचंही तसंच होतं. फक्त त्याची गेलेली झळाळी परत येत नाही.

आज तुझ्या काकानं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत चघळत आजीच्या नथीचा मोती दातांवर घासला. म्हणे, "असली हाय का पाहून राह्यलो." असली मोती दाताला खरखरीत लागतो, हे कबूल. पण त्या लाल दातांवर? मला शिसारी आली. वर मोत्याला लागलेला खर्र्याचा डाग काढायला त्यानं नथ लिंबाच्या पाण्यात टाकली.

ती सोनाराला दाखवायला मी पुलगावला चाललो आहे. मोती वाचला असेल, तर तुझ्या काजलताईमुळे. तिनं नथ लगेच बाहेर काढली, साध्या पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं पुसली आणि लिंबाची वाटी काकापुढं सरकवली. म्हणाली, "आता याच्यानं तुमीच गुळणा करा."

आजोबा