दोन टोपल्यांची तीज

घाटंजीजवळचा तांडा
श्रावण वद्य दशमी, १९६१

भिया धावजी,

धाकट्या बहिणीचा, जमनाचा, राम राम. सेवाभायाच्या दयेनं इकडे सगळे खुशाल आहेत. भाभीची कंबर कशी आहे? एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधायला सांग.

पऱ्हाटी गुडघ्याला लागली. तूर बरी आहे. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. पोरींची तीज पार पडली.

एवढं लिहून कागदाची घडी घालणार होते. पण अक्षरं तूच शिकवलीस मला. शाळेतून यायचास आणि चुलीच्या राखेत माझं बोट धरून गिरवायचास. ती अक्षरं आज तुझ्यावरच चालवल्याशिवाय राहवत नाही.

तिजेच्या तोंडावर तू माझ्याकडे पाहुणा आलास. माझ्या कोकिळानं तुझ्या पायांवर पाणी घातलं. तिच्या हातची भाकर खाल्लीस, हात धुतलेस आणि थेट आमच्या नसाबात, पंचांसमोर जाऊन बसलास. म्हणालास, "ते पोरगी कोर हाय. जमनानं पोसली म्हून काय झालं? कोलामाची ते कोलामाची. तिची टोपली आपल्या पोरींच्या टोपल्यांत कायले पायजे?"

कोर! आपण तांड्यातले तेवढे गोर, बाकी सारं जग कोर. लहान होत्या तेव्हा माझ्या पोटच्या बिजलीला आणि कोकिळाला सारखी रेवडी आणायचास ना रे? तेव्हा कुठं गेला होता तुझा कोर?

घाटंजीच्या बाजारातला तो हॉटेलवाला आठवतो? "ए लमाणांनो, बाकड्यावर नाही, खाली बसा," असं त्यानं आपल्या बाला सुनावलं. तू उठलास आणि हातातला चहा त्याच्या चुलीत ओतलास. बा घाबरून गेला. मी मात्र वाटभर तुझ्याकडेच बघत चालले होते. आता त्याच्यात नि तुझ्यात काय फरक उरला, तूच सांग. त्याच्याकडे बाकडं होतं, तुझ्याकडे टोपली आहे.

तुझा शब्द आमच्या तांड्याच्या नायकानं झेलला. पोरींनी गहू पेरून टोपल्या त्याच्या दारात मांडल्या, कोकिळाची तेवढी परत आली. पोर रडली नाही. मला म्हणाली, "याडी, माही टोपली गोठ्यामागं ठेवू का? मामाले दिसनार नाही."

मग माझं डोकं फिरलं. गेले, नायकाच्या दारातून बिजलीचीही टोपली उचलली आणि दोन्ही माझ्या ओट्यावर, भर उजेडात ठेवल्या. नायकाची आई रुपीबाई मागून ओरडली, "जमना, काहून पोरीची तीज बाटवून राह्यली?"

मी म्हटलं, "बाटायचं ते कधीच बाटलं."

तिला कळलं नाही. तुला सांगते.

बिजली झाली तेव्हा आम्ही झरीकडच्या जंगलात लाकूडकटाईला होतो. मी तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. पोर रडूनरडून गप्प झाली होती. शेजारच्या झोपडीत कोकिळाची आई. तिनं कोकिळाला एका बाजूला घेतलं, बिजलीला दुसऱ्या बाजूला. तो अख्खा हिवाळा. पुढच्या वर्षी ती पटकीनं गेली आणि मी कोकिळाला घेऊन आले. तुम्ही म्हणालात, जमना मोठी दयाळू. दया तिनं केली होती, भिया. नसाबाच्या धाकानं मी ते आजवर गिळून बसले.

तर तुझी लाडकी भाची, जिला तू असल गोर म्हणून मिरवतोस, ती कोलामणीच्या दुधावर जगली आहे. जा, हेही नसाबात सांग. दंड करा, तांड्याबाहेर काढा. माझ्या घरची तीज पुढच्या सालीही दोन टोपल्यांची होईल, नायकाच्या दारात नाहीतर माझ्या ओट्यावर.

दर तिजेला भाचीचे अंकुर तुझ्या पागोट्यासाठी येतात. यंदाही बिजलीच्या बापाच्या हाती या कागदासोबत जुडी पाठवते आहे. दोन्ही टोपल्यांतला गहू मी माझ्या हातानं मिसळून बांधलाय. त्यातला गोर कोणता, कोर कोणता, वेचून दाखव. नाही वेचता आला, तर सगळा पागोट्यात खोव आणि दिवाळीला ये. भाकर कोकिळाच करील.

खोवायचा नसेल तर अख्खी जुडी परत कर. अर्धी मी घेणार नाही.

दोघींची याडी,
जमना