सरकीचे गोल आणि चौकोन

माय, आज अंगणात नातीला घेऊन बसलो आणि तुझा खेळ मांडला. मी गेल्यावर तुला ओळखणारं कुणी उरणार नाही, ही धास्ती अलीकडे फार वाटते. निदान तुझा खेळ तरी तिच्या हाती जावा. आता कापूस सरळ वाफेच्या कारखान्यात जातो, त्यामुळे मूठभर सरकीसुद्धा बाजारातून आणावी लागली. तुझ्या वेळी अंगणात सरकीचे ढीग असायचे. दूर कुठं लढाई लागली, विलायतेला कापूस मिळेना, आणि अमरावतीच्या बाजारात भाव असे चढले की बाबांचा आवाजही त्यांच्याबरोबर चढला. घरातल्या बायका दिवसभर रेचा फिरवून कापसातली सरकी वेगळी करायच्या.

तू मधेच हात थांबवतेस, मूठभर सरकी माझ्यापुढं टाकतेस. "भाकर मांड." मी गोल मांडतो. "चुलीचे दगड मांड." तीन कोपरे होतात. पाट म्हटलं की चार. घाईत मी पाटाला पाचवा कोपरा काढतो, तर तू रागवत नाहीस. "बस बरं त्याच्यावर, पाहू दे मले कसा बसतं तं," म्हणून हसतेस. एकदा मांडलेला गोल गाईनं अर्धा फस्त केला आणि मी भोकाड पसरलं. तू म्हणालीस, "रडून काहून राहिला? आता काय झालं ते सांग." मी डोळे पुसत म्हणालो, "अर्धी भाकर." तेवढ्यात बाबा आले. "सरकी ढोराले असते, पोराच्या खेळाले नाही." तू मान वर न करता म्हणालीस, "मंग ढोरानंच खाल्ली ना." त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि तू गेलीस. मी फार लहान होतो गं.

नात हुशार आहे. गोल, चौकोन झटकन शिकली. मग सगळी सरकी माझ्यापुढं लोटून म्हणाली, "आबा, तुमच्या मायचं तोंड कसं होतं? मांडून दाखवा." मी सरकी जवळ ओढली आणि गोल मांडला. तिनं मन लावून पाहिलं, वरून बोट फिरवलं. आता ती जन्मभर तुला गोल चेहऱ्याची म्हणेल. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून सांगतो, माय, तो गोल मी अंदाजानं मांडला.