कुलूप असलेली तेरा घरं

पवनी
४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आज भाजी निवडताना उगाच एक दुपार आठवली. तेव्हा आपण सगळे भंडाऱ्याला राहत होतो आणि तू सात वर्षांची होतीस. कारध्याच्या जुन्या पुलावर कठड्याला टेकून आपण दोघी बोरं खात सायकली मोजत होतो. तू फक्त लाल सायकली मोजल्यास, आणि घरी येऊन बाबांना ठणकावून सांगितलंस की भंडाऱ्यात सगळ्या सायकली लाल असतात. धनंजय इतका हसला की त्याला ठसका लागला.

काल फोनवर मात्र तो हसत नव्हता. म्हणाला, की पोरगी करडीला खोली करून बसली आहे, गाइडशी भांडली आहे, तीन वर्षांची पीएचडी पाण्यात घालणार. भांडण कशावरून विचारलं, तर म्हणे घरं कशी निवडायची यावरून. एवढ्याशावरून कुणी भांडतं का, असं वर मलाच विचारलं! बहिणीनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, हे त्याला बरं आठवत नाही.

करडीहून तुझा फोन तुटक येतो, तेव्हा कागदावर लिही. जेवतेस काय तेही लिही. काही गाळू नकोस.

तुझी,
ज्योत्सनाआत्या


करडी
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जेवणाचं आधी सांगते: सकाळी भात, संध्याकाळी पुन्हा भात. आता भांडणाचं.

इथून जवळच नदीकाठी एक गाव आहे, तिथं मासेमारी करणारी दोनशे चाळीस घरं आहेत. घराला मासोळी वर्षातले किती महिने पुरते, हे आम्ही विचारतो. त्यावरून नदीच्या कोणत्या पट्ट्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायचं ते मत्स्य कार्यालय ठरवणार आहे. सगळ्या घरांत जाणं शक्य नाही. माझे गाइड आनंदराव सर म्हणाले होते, की रस्त्याकडची चाळीस घे, गाडी लावायला सोपं. मी ऐकलं नाही. प्रत्येक घराला नंबर दिला, चिठ्ठ्या केल्या, बायाबाईच्या टोपलीत टाकल्या आणि तिच्याच हातानं चाळीस काढवल्या. बायाबाई इथं दारोदार मासोळी विकते. कागदांना आठ दिवस वास येत होता.

चाळिसातल्या तेरा घरांना कुलूप निघालं. सकाळी गेले, संध्याकाळी गेले, कुलूपच. सर म्हणाले, शेजारचं घर घ्यायचं, सगळे तसंच करतात. चार ठिकाणी मी तसं केलंही. पाचव्या दारात बायाबाईनं मला अडवलं. म्हणाली, की कुलूप पाहून बाजूच्या घरी कायले जातेस व माय, कुलूपवाले काहून गेले ते त् विचार! इथं मासोळी असती त् लेकरं घेऊन तिकडे पवनीले धरणाच्या पाण्याकाठी कोन पडून राह्यलं असतं?

आत्या, ज्यांचं गावात भागतं त्यांचीच घरं उघडी आहेत. ती सांगतात की बरं चाललंय. त्यात शेजारची तेरा जोडली, की सगळा गाव मजेत आहे असं कागदावर उतरेल आणि या पट्ट्यात मत्स्यबीजाचा एक डबाही येणार नाही.

मी ते चार फॉर्म फाडून टाकले. सरांनी बजावलंय, की तीस तारखेपर्यंत चाळीस फॉर्म आले नाहीत तर प्रकल्पातून नाव काढीन. बाबा म्हणतात, मुकाट्यानं देऊन टाक. मी देणार नाही. पण हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय, तेवढं त्यांना सांगू नकोस.

तुझी,
प्रेरणा


पवनी
१३ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी रागावून घेते. फॉर्म फाडलेस हे चुकलं. तुकडे असतील तर चिकटव आणि वर लिही की हे शेजारचं घर, चुकीनं घेतलेलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर वहीत खोडरबर चालू देत नसत. चुकलेल्या उत्तरावर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.

आता दुसरं. मी नोकरीला नवीन असताना एका पाहणीची ड्युटी लागली होती. माझ्या वाट्याच्या अकरा घरांना कुलूप होतं. शेजारणींना विचारून मी अकराही घरांचे रकाने भरले. सगळ्यांच्या आधी माझे कागद गेले म्हणून हेडबाईंनी स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलं, पेढाही दिला. त्या घरांत कोण राहत होतं, मला आजतागायत ठाऊक नाही. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. तुला सांगते, कारण तू पाचव्या दाराशी थांबलीस आणि मी अकरा दारं ओलांडून गेले.

तेव्हा देऊ नकोस. सरांना नाही म्हणायला माझ्या परवानगीची तुला गरज नाही, पण हवी असेल तर ही घे.

काल मी घाटावर जाऊन आले. तिथं डोमा नावाचा नावाडी डोंगा चालवतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, की वरच्या गावचे लोक पल्याड ताडपत्र्या ठोकून राहून राहिले, नेतो तुमाले, पण मास्तरीणबाई, त्या गुडघ्यानं डोंग्यात बसणं होईल का? मी म्हटलं, गुडघ्याचं मी पाहते, तू डोंगा कोरडा ठेव. पत्र मिळताच एसटीनं निघ. बायाबाईलाही आण, तिच्यावाचून ते लोक आपल्याशी का बोलतील? धनंजयला मी सांगते. अजून भितो मला.

तुझी,
ज्योत्सनाआत्या


नागपूर
२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडचे पाच दिवस संपूच नयेत असं वाटत होतं. पल्याड ताडपत्रीत राहणाऱ्या सत्यभामाबाईनं चिखलात उभं राहून तुझ्यासमोर मला झापलं, की आमचं कुलूप दिसलं तुले, आमी नाई दिसलो? आणि त्याच दमात तुला बसायला पोतं अंथरलं. तू मात्र त्या पोत्यावर बसून तिच्याच पोराचे पाढे घ्यायला लागलीस!

परवा, तीस तारखेलाच, सरांना अहवाल दिला. तेरापैकी अकरा घरं तिथं सापडली, आणि गावात मासोळी चार महिनेही पुरत नाही असं अकराही जणांनी सांगितलं, हे त्यात आहे. उरलेल्या दोनांपैकी एका घरची म्हातारी वारली, घर रिकामं; भैय्यालाल बायकोपोरांसकट कुठल्याशा वीटभट्टीवर गेला, पत्ता कुणाला ठाऊक नाही, हेही आहे. सर म्हणाले, अडतीस कशी, चाळीस हवीत, दोन कुठूनही घे. मी म्हटलं, की भेटली ती अडतीस, न भेटलेल्या दोघांचं कारण शेवटच्या पानावर आहे. त्यांनी पान उलटलं नाही. माझं नाव काढलं. माहिती प्रकल्पाची आहे, असंही बजावलं. मी म्हटलं, ती त्या लोकांची आहे आणि मी त्यांना परत देणार.

विभागातल्या दुसऱ्या मॅडम मला घ्यायला तयार आहेत. वर्ष मात्र वाया जाईल. बाहेर आल्यावर जिन्यावर बसून रडले, मग समोरच्या दुकानात सात प्रती काढल्या. त्या कुणाला द्यायच्या ते तू ठरव.

तुझी,
प्रेरणा


पवनी
६ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
अनेक आशीर्वाद.

धनंजयचा फोन आला होता. दोन घरांपायी वर्ष घालवलं म्हणाला. मी विचारलं, की तुझं घर त्या दोनांतलं असतं तर? त्यावर त्यानं विचारलं, की ती जेवते का नीट.

वर्ष गेलं तर जाऊ दे. पुढच्या वर्षी कुणी तुला विचारलं, की वर्ष कुठं गेलं, तर मान वर करून सांग. माझ्यावर तुझा लोभ आहेच, त्यात हा हट्टही मिसळून ठेव, म्हणजे दोन्ही टिकतील.

तुझी,
ज्योत्सनाआत्या

ता. क. प्रतींचं असं कर. एक मत्स्य कार्यालयात स्वतः दे. आवक शिक्का मिळेपर्यंत खुर्ची सोडू नकोस. एक आनंदराव सरांना रजिस्टर पोस्टानं. वर नमस्कार लिही, खुलासा लिहू नकोस. ग्रामपंचायतीत एक. बायाबाईला वाचता येत नाही, तेव्हा तिची प्रत तिच्या ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचून दाखव आणि मग तिच्याच हातात ठेव. सत्यभामाबाईची माझ्याकडे पाठव, मी डोंग्यानं जाऊन देईन. धनंजयला एक, शेवटचं पान दुमडून. सातवी भैय्यालालच्या घरी. दाराला कुलूप असेल. शेजारी देऊ नकोस. फटीतून आत सरकव.