टेकडी थर्ड गिअरमध्ये

१ मे, सकाळी ७
लेकीला नोकरी लागली. टेकडीपलीकडच्या शहरात. २२ तारखेला सकाळी दहाच्या ठोक्याला हजर व्हायचंय. मेहुण्याने लगेच आपली नवी गाडी पुढे केली. लेक म्हणाली, नको मामा, शाळेत बाबांच्या व्हॅनमधून जायचे, आताही त्यातूनच जाणार. ऊर भरून आला. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अडचण एकच. गेलं वर्षभर व्हॅनला टेकडीचा चढ झेपत नाही. फर्स्ट गिअरमध्ये कण्हत चढते आणि मागे हॉर्नचा गजर. म्हणजे इंजिनची ताकद वाढवणं आलं, तीही स्वस्तात. मी सव्वीस वर्षं पाण्याचे पंप विकतोय. मशिन मला कोणी शिकवू नये.

निश्चय: २२ला टेकडी थर्ड गिअरमध्ये.

२ मे
गॅरेजच्या मिस्त्रीला प्लॅन सांगितला. म्हणाला, आधी मी एकदा चालवून बघतो, मग ठरवू. नाही म्हटलं. गाडी माणूस ओळखते, परक्या हाताखाली बिथरते. हाच मिस्त्री मागच्या वर्षी मी हॉलचं जुनं कार्पेट दुहेरी घडी करून व्हॅनमध्ये पुढे अंथरलं तेव्हा हसला होता. आवाज कमी झाला की नाही?

५ मे
वजन हाच खरा शत्रू. मागची सीट, स्टेपनी, जॅक, सगळं काढलं. ही म्हणाली, मग मी कुठे बसू? म्हटलं, सामान मावलं की बघू. म्हणाली, तुम्ही दोघंच जा, मी घरीच बरी.

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तीन तासांचा रस्ता, मी आणि लेक. घरात दोन वाक्यं बोलायला गेलो की कुकरची शिट्टी होते. व्हॅनमध्ये बोलेन. सहा मुद्दे काढून ठेवलेत.

९ मे
एअर फिल्टर काढला, इंजिनला मोकळा श्वास. वेल्डरकडून सायलेन्सर कापून घेतला. आवाज असा की गल्लीतली कुत्री घरात गेली! ताकद वाढलीच असणार, नाहीतर एवढा आवाज कुठून येईल?

हिने कानात बोळे घातले. लेकीशी बोलायचं तर आवाज कमी हवा, म्हणून कार्पेटची आणखी एक घडी टाकली. आता तिहेरी. पाय कसा छान बुडतो!

१० मे
टेकडीवर ट्रायल. फर्स्ट गिअरमध्येसुद्धा अर्ध्यावर थांबली. एका सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं आणि वर जाऊन पाणी पीत माझी वाट बघत बसला. इंजिन नव्या रचनेला सरावतंय. घाई नको.

१३ मे, संध्याकाळ
सापडलं! व्हॅनखाली आडवा पडलो होतो. हे इंजिन एअर-कूल्ड, म्हणजे पाणी नाही, रेडिएटर नाही, निव्वळ हवेवर थंड होणारं. आणि बनवणाऱ्यांनी त्याला चारी बाजूंनी पत्र्यात कोंडलंय! बिचाऱ्याचा जीव घुसमटतोय आणि जगाला पत्ता नाही. सगळे पत्रे काढले. सात किलो भरले. वजनही कमी, हवाही मोकळी.

१४ मे
मिस्त्री येऊन गेला. पत्रे बघून डोक्याला हात लावला. म्हणाला, पंख्याची हवा त्या पत्र्यांमधूनच सिलिंडरवर जाते, आजच्या आज परत लावा. परत म्हणाला, मला एक चक्कर मारू द्या. परत नाही म्हटलं. धंदा मिळत नाही म्हणून जळतोय.

पत्रे हिने कुंड्यांखाली ठेवले. म्हणाली, पहिल्यांदाच व्हॅनचा घराला उपयोग झाला.

२० मे
शेवटची ट्रायल. पाच मिनिटांतच करपल्याचा वास. जुनी घाण जळून जात असणार. ट्रायल तिथेच थांबवली. ताकद २२साठी राखून ठेवलेली बरी.

२२ मे, सकाळी ६.३०
सामान भरलं. लेक पुढच्या सीटवर, मांडीवर डबा. ही फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होती, मी येताच गप्प झाली. मुद्द्यांचा कागद शर्टाच्या खिशात. निघतो.

२२ मे, दुपारी
टेकडीचं पहिलं वळण. सात वाजून दहा मिनिटं. आधी धूर, मग खडखड, मग काहीच नाही. लेक घड्याळ बघत होती आणि मी बघू नये म्हणून मनगट झाकत होती.

मेहुणा दहा मिनिटांत हजर. इतक्या लवकर कसा, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो हसलाही नाही. त्याच्या गाडीत सामान भरल्यावर एकच सीट उरली. लेकीने डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, उन्हात उभे राहू नका. वळणापर्यंत हात हलवत होती. मग मी एकटाच क्रेनची वाट बघत डबा खाल्ला.

मुद्दे: सहापैकी शून्य.

२३ मे
इंजिन जॅम. मिस्त्री म्हणतो, पूर्ण गेलं. मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, थांबला, पुन्हा दाबला. खाली वाकून तिहेरी कार्पेट ओढून काढलं आणि मला म्हणाला, आता तुम्ही दाबा. दाबलं. पेडल खालपर्यंत गेलं. वर्षभरात कधीच गेलं नव्हतं.

म्हणाला, इंजिन ठणठणीत होतं साहेब. तुम्ही वर्षभर अर्ध्याच पेडलवर चालवत होतात, शेवटी तर तेवढंही जात नसणार. एवढंच बोलला आणि हात पुसत आत गेला. हसला असता तर बरं झालं असतं.

रात्री ८
लेकीचा फोन. काल दहाला पाच कमी असताना पोचली, ऑफिस छान आहे. मामाच्या गाडीत एसी होता, रस्ताभर झोपली. विचारलं, बाबा, तुम्ही काहीतरी बोलणार होता ना? म्हटलं, काही नाही गं, इंजिनबद्दलच. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

हिने कार्पेट झटकून परत हॉलमध्ये अंथरलंय. त्यावरच पाय ठेवून हे लिहितोय. छान बुडतो.