मामांचा रीडर अजून माझ्याकडेच का आहे

तीर्थस्वरूप मामांना,

नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून नमस्कार. (का, ते पुढे कळेल, तोवर आशीर्वाद राखून ठेवा.) डोळे कसे आहेत? थेंब वेळेवर घालता ना? मामींच्या गुडघ्याचीही विचारपूस केली आहे म्हणून सांगा. तुम्हाला वाचता यावं म्हणून अक्षर भोपळ्याएवढं काढलं आहे, त्यामुळे पानं बरीच होतील. पाल्हाळ मात्र माझंच.

तुम्हाला आता छापील पुस्तक वाचता येत नाही, म्हणून अक्षरं हवी तेवढी मोठी करता येणारा ई-बुक रीडर घ्यायचा आणि तो मी निवडायचा, असं घरात ठरलं. का, तर शाळेत जायच्या आधीच तुम्ही मला वाचायला शिकवलंत. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासून थकून यायचात, तरी मला समोर बसवायचात आणि आधी हात धुवायला पाठवायचात. ती सवय इतकी मुरली आहे की दुकानात गेल्या गेल्या मी विचारलं, "हात कुठे धुऊ?" दुकानदार म्हणाला, "ताई, काच आहे, तान्हं बाळ नाही." तरी धुतले. (पुसायला काही नव्हतं, म्हणून ओले हात तसेच धरून उभी राहिले, तर म्हणतो कसा, "आता मात्र हात लावू नका.")

मग आठवलं की तुम्ही दुपारचे गॅलरीत वाचत बसायचात. उन्हात अक्षरं दिसतात का ते बघायला रीडर घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं, तर डोक्यावर भोंगा वाजायला लागला आणि रखवालदाराने माझा दंड धरला. माणसं जमली. मी घाबरून ओरडले, "माझ्या मामांसाठी आहे हो!" गर्दीतल्या एक आजी म्हणाल्या, "बघा, घरचेच शिकवतात." मला तुम्हीच शिकवलंत हे खरं असल्यामुळे नाही म्हणता येईना. (अक्षरं उन्हात छान दिसतात.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आई म्हणाली, "मामाचे डोळे बरे होतील, पण तुझं निवडून व्हायचं नाही." शेवटी घेतला एकदाचा. (खोका जराही न फाडता उघडला.)

आता तो तुमच्याकडे का पोचला नाही, ते. सुरू केलेलं पुस्तक संपवल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा आपल्या घरचा नियम. मी त्यात तुमच्या आवडीची पुस्तकं भरली आणि अक्षर नीट उमटतंय ना हे बघायला प्रत्येकाचं पहिलं पान वाचलं; तुमच्या शिस्तीने, शेवटच्या ओळीपर्यंत. मग लक्षात आलं की सगळीच सुरू होऊन बसली! म्हणजे सगळीच संपवायला हवीत. जेवताना वाचते, ऑफिसात फायलीआड वाचते. काल साहेबांनी विचारलं, "काय, लागला का पत्ता?" ते हरवलेल्या पार्सलाबद्दल विचारत होते. मी म्हटलं, "नाही सर, पण मला डॉक्टरचाच संशय आहे."

तुम्ही तिकडे रिकाम्या हातांनी बसला असाल, हे मनात आलं की लाजेने वाचनही धड होत नाही.

तुमची भाची

ता. क. नियम तुम्ही घातला आहे, तेव्हा सूटही तुम्हीच द्या.

दुसरा ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण खरं कारण ते नाही. दुकानात आणखी एक रीडर होता. तितकाच हलका, तितकीच मोठी अक्षरं, आणि शिवाय तो पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचा. आवाज स्वच्छ, जोडाक्षरालाही अडखळत नव्हता. तुम्हाला तोच बरा पडेल, हे मला तिथेच कळलं. पण तुमचे डोळे बिघडल्यापासून दर रविवारी मी फोनवर तुम्हाला वाचून दाखवते, आणि चुकलं की तुम्ही "हं, पुन्हा" म्हणता. त्याचं काही चुकतच नव्हतं. म्हणून मी मुद्दाम न बोलणारा उचलला, आणि आता तो तुमच्या हाती द्यायचा धीर होत नाही.

दुकानदार अजून बदलून देतो म्हणतोय. तुम्ही नुसतं "बदल" म्हणा, मी बोलणारा घेऊन तुमच्या दारात उभी राहीन. फक्त उत्तर रविवार झाल्यावर द्या. रविवारच्या पुस्तकातली आपली नायिका अजून स्टेशनात गाडीची वाट बघत उभी आहे, आणि ती चढते की नाही, हे एवढ्या एकाच पुस्तकात मी पुढे वाचलेलं नाही.