पैज तुमची, गालही तुमचाच

अहो,

मागच्या महिन्यात जिन्यात, मी तोंडाला दूध लावते यावरून शेजाऱ्यांसमोर तुम्ही पैज मारलीत, की दुधाने कातडीला तकाकी आली तर गेटपाशी बसून बायकोच्या भेगाळलेल्या टाचांना दूध चोळीन. वर म्हणालात, "हिच्या तोंडाला दूध म्हणजे करपलेल्या तव्याला पावडर!" सगळे खो-खो हसले. मीही हसले, पण मनात गाठ मारून.

तेव्हापासून माझ्या तोंडाला मी थेंबही लावला नाही. रात्रपाळी करून तुम्ही दुपारी घोरायला लागलात, की कापसाने थंडगार दूध तुमच्याच गालाला लावायचे. फक्त डाव्या, कारण झोपता उजव्या कुशीवर. एकदा तर झोपेत जीभ फिरवून चाटलंतसुद्धा!

काल वॉचमन विचारत होता, "काकी, साहेबांनी एकच गाल पॉलिश करून घेतला का?" वरच्या मजल्यावरच्या वहिनींनीही तोच निकाल दिलाय. विश्वास नसेल तर आरसा बघा.

अंघोळ झाली की खाली या. अख्खी बिल्डिंग जमलीय, मी पाय धुऊन खुर्चीत बसलेय. ओट्यावरचं दूध कोमट करून आणा. आणि चोळताना जरा हळू. मला गुदगुल्या होतात, अन् आज मला शेवटपर्यंत बघायचंय.