पंच नंबर दोन

३ फेब्रुवारी २०२५
समन्स आलं. आवडाबाईच्या दारूच्या केसमध्ये मी पंच नंबर दोन. ते सगळं मी विसरूनच गेले होते — नाही, इथं खोटं कशाला लिहू. दोन वर्षांपूर्वी मी दुकानात शिलाई मशीनवर बसले होते, हवालदार आला. म्हणाला, बाई, एक सही द्या. कागद कोरा. मी केली! तिच्या घरी छापा पडला हे मला संध्याकाळी कळलं.

६ फेब्रुवारी
खंडेराव भावजी आले. सख्खे दीर, पण वर्षात फिरकले नव्हते. म्हणाले, बाटल्या माझ्यासमोर जप्त झाल्या एवढंच म्हणायचं. दारूबंदीचं कलम आहे, तीन वर्षांची कैद होऊ शकते तिला.
"वहिनी, दादाला कुणी मारलं ते ध्यानात ठेवा."
ठेवलंय. माझे मालक सूर्यभान तिच्याच ओट्यावर बसून प्यायचे. लिव्हर गेलं. चाळिशीही गाठली नाही. तिला शिक्षा व्हावी म्हणून मी नवस बोललेली बाई आहे.

११ फेब्रुवारी
पिशोरहून आईचा फोन. भावजींनी तिलाही पढवलंय. व्हय म्हण अन् मोकळी हो, म्हणे.

१४ फेब्रुवारी
हवालदार दुकानात. उलटलीस तर खोट्या साक्षीचा गुन्हा तुझ्यावरच लागेल, म्हणाला. मी ब्लाउजला हुक लावत होते. म्हटलं, खोटी साक्ष कोणती ते आधी ठरवा.
तो गेल्यावर सुई दोनदा बोटात गेली.
ती दारू विकायची, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या बाटल्या मी पाहिल्या नाहीत. नाही म्हणजे नाही.

१८ फेब्रुवारी
कोर्ट. सरकारी वकिलांनी विचारलं, सही तुमचीच? माझीच. बारा बाटल्या तुमच्यासमोर जप्त झाल्या?
"नाही साहेब. मी तिथं नव्हतेच. कोऱ्या कागदावर सही घेतली."
मग मी फितूर! वकील माझ्यावरच उलटले. आरोपीनं किती पैसे दिले?
"माझा नवरा हिच्या दारूनं गेला. हिच्या हातचं मी पाणी नाय घेणार."
जजसाहेबांनी मान वर केली. म्हणाले, हेही लिहून घ्या.

४ मार्च
आवडाबाई निर्दोष सुटली. पंच नंबर एक शेवटपर्यंत सापडलाच नाही. भावजींचा निरोप — गावाकडच्या घरात पाय ठेवायचा नाही. घर माझ्याही नवऱ्याचं आहे. ठेवणार.

६ मार्च
आवडाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. वाटलं, आभार मानायला आली. तर म्हणाली, माल आणून द्यायचा तो खंडेराव. सूर्यभान प्यायचे तीही त्याचीच. तिनं धंदा सोडला, माल घ्यायचं बंद केलं, म्हणून घरात बाटल्या ठेवून छापा त्यानंच घालायला लावला.
"कोर्टात का नाही बोललीस?"
"माझं कोण ऐकतंय? तुझं ऐकलं."
उद्या तिला घेऊन पोलिसांच्या वरच्या साहेबांकडं जाते. फिर्यादी मी.